एफ-ड्रॉइड: प्ले स्टोअरबाहेरचं ॲप कुठून आणि कसं घ्यावं

व्हॉट्सॲपवर आलेली 'आरटीओ चलान' नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल, आणि एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून घेतलेला कीबोर्ड, दोघांनाही अँड्रॉइड एकच नाव देतं: 'अननोन ॲप'. दोन्ही वेळा इशारा तोच, बटणही तेच. वापरणाऱ्याला फरक कळायला काही जागाच ठेवलेली नाही. त्यामुळे 'प्ले स्टोअरबाहेरचं काहीच घेऊ नका' असा सरसकट सल्ला दिला जातो, आणि ज्यांना यातलं काही तपासायचं नाही त्यांच्यासाठी तो बरोबरच आहे. पण आपल्या पैशाने घेतलेल्या फोनवर आपल्याला हवं ते चालवता यावं, हीसुद्धा साधी आणि रास्त अपेक्षा आहे. ती पुरी करताना बँकेचं खातं धोक्यात येऊ नये यासाठी आज सर्वांत भरवशाची सोय कोणती, तर एफ-ड्रॉइड. तिच्यात उणिवा आहेत आणि त्या पुढे सांगितल्याच आहेत.

एफ-ड्रॉइड 2010 पासून सुरू आहे. तिथे फक्त मुक्त परवान्याची, म्हणजे ज्यांचा सोर्स कोड (ॲप ज्यातून बनतं तो लिहिलेला मजकूर) कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशी ॲप्स मिळतात. खातं उघडावं लागत नाही, ईमेल मागत नाहीत, पैसे लागत नाहीत. पण याचं खरं वेगळेपण दुसरीकडे आहे. डेव्हलपरने तयार करून दिलेली फाइल एफ-ड्रॉइड सहसा जशीच्या तशी पुढे ढकलत नाही. ते डेव्हलपरचा सोर्स कोड घेतात, स्वतःच्या सर्व्हरवर त्यातून ॲप बांधतात, आणि त्यावर स्वतःची डिजिटल सही करतात. म्हणजे जो कोड लोकांसमोर आहे त्यातूनच तुमच्या फोनवरचं ॲप तयार झालं आहे, याची जबाबदारी एक तिसरा घेतो. काही ॲप्सच्या बाबतीत याहून पुढची पायरी असते: एफ-ड्रॉइडने बांधलेलं ॲप डेव्हलपरच्या ॲपशी बिट-न्-बिट जुळलं, तर ते डेव्हलपरच्याच सहीने दिलं जातं. दोघांनी स्वतंत्रपणे बांधून एकच उत्तर आल्यामुळे ही सगळ्यात भक्कम स्थिती.

सोर्स कोडपासून बांधण्याचा फायदा काय, हे एका जुन्या प्रकरणावरून लक्षात येईल. लॅव्हाबर्ड या कंपनीच्या नावावरचं 'बारकोड स्कॅनर' हे प्ले स्टोअरवरचं ॲप एक कोटीहून जास्त वेळा उतरवलं गेलं होतं. डिसेंबर 2020 मधल्या एका अपडेटनंतर ते आपोआप ब्राउझर उघडून जाहिराती दाखवू लागलं. मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी 2021 मध्ये ते उघड केलं आणि गूगलने ॲप काढलं. ते प्ले स्टोअरवरचं होतं, वर्षानुवर्षं चांगलं चाललं होतं, आणि एका अपडेटने फिरलं. एफ-ड्रॉइडवर असा प्रकार होणारच नाही असं म्हणता येत नाही, पण घातक कोड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, सार्वजनिक कोडमध्ये टाकावा लागतो. लपवणं अवघड होतं.

दुसरं प्रकरण 'सिंपल मोबाइल टूल्स'चं. गॅलरी, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स अशी साधी, जाहिरातमुक्त ॲप्स. 2023 च्या अखेरीस ती झिपोॲप्स या कंपनीला विकली गेली. कोड मुक्त असल्यामुळे लगेच 'फॉसिफाय' या नावाने त्याची वेगळी शाखा निघाली, आणि तीच ॲप्स आज एफ-ड्रॉइडवर त्या नावाने मिळतात. विक्रीनंतरही वापरणाऱ्यांना साधा पर्याय उरला तो एवढ्यासाठीच.

बसवताना

एफ-ड्रॉइडचं ॲप प्ले स्टोअरवर नाही. ते एफ-ड्रॉइडच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचं. गूगलमध्ये शोधून पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका; 'एफ, आडवी रेघ, ड्रॉइड, डॉट ऑर्ग' हा पत्ता हाताने टाइप करा.

फाइल उतरताना क्रोम 'ही फाइल घातक असू शकते' असं म्हणेल. कोणत्याही एपीकेला तो हेच म्हणतो. फाइल उघडली की फोन सांगेल की या स्रोताकडून अनोळखी ॲप्स बसवायला परवानगी नाही. तिथे सेटिंग उघडून क्रोमला परवानगी द्या, मागे या, इन्स्टॉल दाबा. प्ले प्रोटेक्टने (फोनवरची ॲप्स तपासणाऱ्या गूगलच्या सोयीने) 'ॲप स्कॅन करू का' असं विचारलं तर होकार द्या.

आता बहुतेक लोक जी पायरी विसरतात ती करा. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' इथे जा आणि क्रोमची परवानगी परत काढून घ्या. अँड्रॉइड 8 च्या आधी 'अननोन सोर्सेस' नावाचं एकच बटण होतं. ते चालू केलं की सगळ्यांना दार उघडं. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 आल्यापासून ही परवानगी एकेका ॲपला वेगळी द्यावी लागते. ही फार चांगली रचना आहे, पण ती वापरली तरच. या यादीत एफ-ड्रॉइड सोडून कुणापुढेही 'अलाउड' दिसता कामा नये. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फाइल मॅनेजर, क्रोम यांपैकी एकालाही कायमची परवानगी नको. चलानची, लग्नपत्रिकेची, बँकेच्या केवायसीची, पीएम किसानची म्हणून जी बनावट एपीके फिरते ती बहुधा व्हॉट्सॲपवरूनच येते. व्हॉट्सॲपला परवानगी नसेल तर त्या फाइलवर टिचकी मारल्यावर फोन मध्ये एक थांबा आणतो, आणि विचार करायला तेवढा वेळ मिळतो.

सॅमसंगच्या फोनवर आणखी एक अडथळा येईल: 'ऑटो ब्लॉकर'. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसीखाली तो सापडतो. वन यूआय (सॅमसंगची अँड्रॉइडवरची प्रणाली) 6 पासून तो आहे आणि 6.1.1 पासून नव्या फोनवर सुरुवातीलाच चालू असतो. तो चालू असताना प्ले स्टोअर आणि गॅलक्सी स्टोअर सोडून कुठूनच ॲप बसत नाही, म्हणजे एफ-ड्रॉइडचे अपडेटही नाहीत. आधी बसवलेली ॲप्स चालत राहतात, पण जुनी होत जातात, आणि जुनं झालेलं ॲप हासुद्धा धोकाच. त्यामुळे सॅमसंगवर निर्णय एकच घ्यावा लागतो: एफ-ड्रॉइड वापरणार असाल तर ऑटो ब्लॉकर बंद, नाहीतर दोन्हींच्या मध्ये लोंबकळू नका.

पहिल्यांदा उघडल्यावर एफ-ड्रॉइड ॲप्सची यादी उतरवून घेतं. कमी वेगाच्या नेटवर यात थोडा वेळ जातो. स्क्रीन रिकामी दिसली म्हणून ॲप काढून टाकू नका, खाली ओढून रिफ्रेश करा. अँड्रॉइड 12 आणि पुढच्या फोनवर एफ-ड्रॉइड स्वतः बसवलेल्या ॲप्सचे अपडेट न विचारता करू शकतं. जुन्या फोनवर दर अपडेटला 'इन्स्टॉल' दाबावं लागतं. सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिकली इन्स्टॉल अपडेट्स' चालू ठेवा आणि डाउनलोड फक्त वायफायवर ठेवा.

एका कीबोर्डकडे बारकाईने पाहू

हेलीबोर्ड हा कीबोर्ड घेऊ. मराठीची मांडणी त्यात आहे. कीबोर्ड हे फोनवरचं सर्वांत नाजूक ॲप: पासवर्ड, मेसेज, बँकेचा युजर आयडी, सगळं त्याच्या हाताखालून जातं. आता एफ-ड्रॉइडवर हेलीबोर्डच्या पानावर जा, खाली सरका आणि आवृत्तीखालची परवानग्यांची यादी उघडा. त्यात इंटरनेटची परवानगी नाही. ही बाब महत्त्वाची आहे, कारण कॅमेरा किंवा लोकेशनसारखी इंटरनेटची परवानगी अँड्रॉइड तुम्हाला कधी विचारतच नाही. ॲपने मागितली की मिळते. त्यामुळे जो कीबोर्ड ती मागतच नाही, त्याने टाइप केलेलं जमवलं तरी थेट बाहेर पाठवायला त्याच्याकडे मार्ग नसतो. अशी यादी बसवण्याआधीच सरळ समोर ठेवणं, हे एफ-ड्रॉइडचं मोठं काम आहे.

याच कीबोर्डवर बोट सरकवून टाइप करायचं असेल तर एक बंद कोडची लायब्ररी फाइल वेगळी मिळवून घालावी लागते, कारण ती मुक्त नाही आणि एफ-ड्रॉइडच्या नियमात बसत नाही. ती फाइल कुठून घ्यायची हा निर्णय तुमच्यावर येतो. तेवढी सोय सोडून देता आली तर उत्तम.

पानावर आणखी एक गोष्ट वाचायची सवय लावून घ्या: 'अँटी-फीचर्स'. जाहिराती आहेत का, माग काढला जातो का, बंद सेवेवर ॲप अवलंबून आहे का, त्यात माहीत असलेली सुरक्षेची त्रुटी राहिली आहे का, हे तिथे लिहिलेलं असतं. 'नॉन-फ्री नेटवर्क सर्व्हिसेस' दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. यूट्यूबसारख्या सेवेशी जोडणाऱ्या न्यूपाइपसारख्या ॲपवर ते असणारच. 'नोन व्हल्नरेबिलिटी' दिसलं तर मात्र ते ॲप घेऊ नका.

सही जुळत नाही तेव्हा

एफ-ड्रॉइड वापरणाऱ्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपवर सही असते, आणि अपडेट तीच सही असेल तरच बसतो. प्ले स्टोअरवरून एक ॲप घेतलं असेल आणि त्याचीच एफ-ड्रॉइडवरची नवी आवृत्ती वरून बसवायला गेलात, तर सही वेगळी असल्यामुळे 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड' किंवा 'पॅकेज कॉन्फ्लिक्ट' असा संदेश येतो. हा दोष नाही. कुणी दुसऱ्याने त्याच नावाचं बनावट ॲप तुमच्या खऱ्या ॲपवर चढवू नये म्हणून असलेलं हे कुलूप आहे, आणि अँड्रॉइडच्या सुरक्षेतला सर्वांत भक्कम भाग हाच आहे.

यावर उपाय एकच: जुनं काढायचं, नवं बसवायचं. पण काढलं की ॲपमधली सगळी माहिती जाते. एजिससारख्या ओटीपी ॲपच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. त्यातल्या चाव्या एकदा गेल्या की ईमेल, गिटहब (कोड ठेवण्याचं संकेतस्थळ), डीमॅट, सगळीकडे पुन्हा ओळख सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून आधी एजिसच्या सेटिंगमधून पासवर्ड लावून तिजोरी एक्सपोर्ट करा, ती फाइल फोनबाहेर, संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा, एकदा उघडून पाहा, आणि मगच जुनं ॲप काढा. टर्मक्ससारख्या, फोनवर लिनक्सचे आदेश चालवणाऱ्या ॲपमध्ये आणखी एक गुंता आहे. टर्मक्स आणि त्याची टर्मक्स:एपीआयसारखी जोड-ॲप्स एकमेकांशी माहिती वाटून घेतात, त्यासाठी सगळ्यांची सही एकच लागते. एक एफ-ड्रॉइडवरून आणि दुसरं गिटहबवरून घेतलं तर बसणारच नाही. एकाच ठिकाणाहून सगळी घ्या.

एफ-ड्रॉइडबाहेरची फाइल घ्यावीच लागली तर सहीचा ठसा तपासा. सिग्नल या मेसेजिंग ॲपचं उदाहरण घ्या: ते एफ-ड्रॉइडच्या मुख्य भांडारात नाही, पण सिग्नलच्या संकेतस्थळावर एपीके मिळते आणि तिथेच सहीच्या प्रमाणपत्राचा शा-256 ठसाही (सही ओळखायची खूण) दिलेला असतो. हा ठसा 64 अक्षर-अंकांचा. फोनवर एफ-ड्रॉइडवरून 'ॲप मॅनेजर' घ्या, उतरवलेली एपीके इन्स्टॉल न करता त्यात उघडा, सिग्नेचरच्या पानावर तोच ठसा आहे का ते ताडून पाहा. सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून समाधान मानू नका, सगळी जुळवा. फाइलचा ठसा आणि सहीचा ठसा यांत गोंधळ करू नका: फाइलचा ठसा दर आवृत्तीला बदलतो, सहीचा वर्षानुवर्षं तोच राहतो. त्याच ॲप मॅनेजरमध्ये परवानग्याही दिसतात. विजेरीचं किंवा चलान दाखवणारं ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागत असेल, तर पुढे तपासत बसायची गरजच उरत नाही.

फसवणुकीची एपीके नेमकं काय करते

हे कळलं की कोणत्या परवानगीला हात लावायचा नाही ते आपोआप समजतं. पहिली फाइल बहुधा लहान असते. ती बसली की 'अपडेट आवश्यक' म्हणून दुसरं ॲप बसवायची परवानगी मागते. खरा घातक भाग त्या दुसऱ्यात असतो. मग एसएमएस वाचायची परवानगी, म्हणजे ओटीपी हातात. नोटिफिकेशन वाचायची परवानगी दिली तर एसएमएसची गरजही राहत नाही. आणि ॲक्सेसिबिलिटी दिली तर ते ॲप पडद्यावरचं वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं, स्वतःला काढू न देण्यासाठी सेटिंगचं पान बंदही करू शकतं. आयकॉन गायब होतो. घरच्यांना वाटतं ॲप बसलंच नाही.

अँड्रॉइड 13 पासून बाहेरून बसवलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशनची परवानगी सरळ देता येत नाही. ते बटण करडं दिसतं आणि 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' असा संदेश येतो. उघडायचं तर ॲप इन्फोमध्ये वरचे तीन ठिपके दाबून 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' निवडावं लागतं. फोनवर कुणी 'साहेब, तीन ठिपके दाबा' असं सांगत असेल तर तो चोर आहे, दुसरी शक्यता नाही. एफ-ड्रॉइडसारख्या स्टोअरमधून बसवलेल्या ॲपला सहसा हे कुलूप लागत नाही, कारण अँड्रॉइड स्टोअर आणि सुटी फाइल यांत इथे फरक करतं. म्हणून एफ-ड्रॉइडवरच्या ॲपलाही ॲक्सेसिबिलिटी देताना कारण विचारा. पासवर्ड मॅनेजरला ती कधी लागते, केडीई कनेक्टला संगणकावरून फोन चालवायला लागते. गाण्याच्या ॲपला लागत नाही.

गूगलने भारतात केलेली दोन कामं खरोखर उपयोगाची आहेत. बसवताना नव्या ॲपचा कोड तपासणारी प्ले प्रोटेक्टची सोय ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वप्रथम भारतात आली. एक वर्षाने, ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी मागत असेल तर ते बसण्याआधीच रोखण्याचा प्रयोगही भारतात जाहीर झाला; सिंगापूरमध्ये तो 2024 च्या सुरुवातीला आधीच झाला होता. अँड्रॉइड 16 च्या पिढीत आणखी एक भर पडली: संपर्कयादीत नसलेल्या नंबरशी बोलणं चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करता येत नाही, पहिल्यांदाच बाहेरचं ॲप बसवता येत नाही, ॲक्सेसिबिलिटी देता येत नाही. ही रचना मनापासून आवडण्यासारखी आहे. ती स्वातंत्र्य काढून घेत नाही, दबाव टाकला जातो तो क्षण रोखते. जाणकाराचं यात काहीच अडत नाही. फोन ठेवून तो तेच काम करू शकतो.

तेव्हा प्ले प्रोटेक्ट बंद करू नका. एफ-ड्रॉइडसाठी ते बंद करायची काहीच गरज नाही. एखाद्या ॲपवर त्याने आक्षेप घेतला तर आधी त्या ॲपच्या इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारी नोंदवण्याच्या पानावर, तसं काही नोंदलंय का ते पाहा.

घातक फाइल बसलीच, तर आधी एअरप्लेन मोड चालू करा आणि वायफायही बंद झालं का ते पाहा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा; खातं गोठवण्याची विनंती आधी, तपशील नंतर. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी तिकडे येतील, आणि कॉल फॉरवर्डिंग चालू केलं आहे का ते कॉल सेटिंगमध्ये पाहा. मग बाधित फोन सेफ मोडमध्ये सुरू करा: पॉवरच्या मेन्यूमध्ये 'पॉवर ऑफ' किंवा 'रिस्टार्ट'वर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनवर पर्याय येतो. सेफ मोडमध्ये नंतर बसवलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटीमधून त्याचं नाव काढून ॲप अनइन्स्टॉल करता येतं. तरीही शंका उरली तर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट करा. यूपीआय पिन आणि पासवर्ड बदलायचे ते स्वच्छ फोनवरून.

एफ-ड्रॉइडच्या उणिवा

अपडेट उशिरा येतात. डेव्हलपरने आवृत्ती काढल्यावर एफ-ड्रॉइडवर ती दिसायला काही दिवस जातात, कधी त्याहून जास्त. ब्राउझरसारख्या ॲपमध्ये, जिथे सुरक्षेची दुरुस्ती तातडीची असते, हा उशीर परवडत नाही. ब्राउझर प्ले स्टोअरवरूनच घ्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये तर वेगळीच अडचण आली: अँड्रॉइडच्या नव्या बिल्ड साधनांना जे प्रोसेसर-आदेश लागतात ते एफ-ड्रॉइडच्या जुन्या सर्व्हरमध्ये नव्हते, त्यामुळे अनेक ॲप्सचे अपडेट बांधलेच जाईनात. सेवा वर्गण्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते, याचं हे उघड रूप.

रेटिंग नाही, किती जणांनी घेतलं तो आकडा नाही. ते वापरणाऱ्यांवर पाळत ठेवत नाहीत, त्यामुळे असे आकडे त्यांच्याकडे नसतात, आणि ते योग्यच आहे. पण नवख्या माणसाला चांगलं-वाईट ओळखणं जड जातं. त्यावर उपाय असा: ॲपच्या पानावर शेवटच्या आवृत्तीची तारीख पाहा. दोन वर्षांत काही आलं नसेल तर सोडून द्या. आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या: एफ-ड्रॉइड मुक्त नसलेली लायब्ररी आणि माग काढणारे भाग शोधून काढतं, पण प्रत्येक ॲपची प्रत्येक ओळ कुणी वाचत नाही.

गूगलची पुश सेवा (ॲप बंद असतानाही नोटिफिकेशन पोचवणारी) नसल्यामुळे अनेक ॲप्सना नोटिफिकेशनसाठी मागे सतत चालत राहावं लागतं. शाओमी, विवो, ओप्पो, रियलमीचे फोन अशी ॲप्स निर्दयपणे बंद करतात. ॲप इन्फोमध्ये बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा आणि शाओमीवर 'ऑटोस्टार्ट'ही चालू करा. एवढं केलं की तक्रारी बऱ्याच कमी होतात.

बाहेरची भांडारं जोडता येतात. इझीऑनड्रॉइड त्यातलं सर्वांत वापरलं जाणारं. तिथे डेव्हलपरने बांधलेली फाइल मिळते, म्हणून अपडेट लवकर येतात, पण एफ-ड्रॉइडने स्वतः बांधण्याचा जो फायदा तो इथे मिळेलच असं नाही. भांडार जोडताना ज्यात ठसा समाविष्ट आहे असाच दुवा वापरा. टेलिग्रामवर फिरणारी 'मॉड' एपीके आणि 'प्रीमियम अनलॉक्ड' फाइली यांचा मात्र या सगळ्याशी संबंध नाही. त्यात मूळ सही मोडूनच काढलेली असते, म्हणजे तपासायला काही उरतच नाही.

पुढे काय

25 ऑगस्ट 2025 रोजी गूगलने जाहीर केलं की प्रमाणित (गूगलने मान्यता दिलेल्या) अँड्रॉइड फोनवर ॲप बसायचं तर त्याच्या डेव्हलपरने आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली असावी. वेळापत्रकानुसार सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, आणि 2027 पासून इतर देश. नोंदणीची फी 25 डॉलर. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मर्यादित वाटपाचं मोफत खातं. इंटरनेटवरून सुट्या घेतलेल्या ॲप्समध्ये प्ले स्टोअरच्या 50 पटीहून जास्त मालवेअर सापडतं, असं गूगलचं कारण.

अडचण खरी आहे, पण उपाय तिच्या मापाचा नाही. दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव असणं वेगळं आणि आतला माल तपासलेला असणं वेगळं. ही नोंदणी पहिलंच करते. पकडला गेलेला फसवणूक करणारा दुसऱ्याच्या कागदपत्रांवर नवं खातं काढायचा प्रयत्न करणारच. त्याला थोडं महाग पडेल, वेळ लागेल, एवढं मान्य. पण पदरमोड करून ॲप लिहिणारा, आपलं नाव-पत्ता एका परदेशी कंपनीला देऊ न इच्छिणारा प्रामाणिक माणूस थांबेल.

एफ-ड्रॉइडची अडचण तर तांत्रिकच आहे. नोंदणी ॲपच्या पॅकेज-नावाची (अँड्रॉइड ॲपला ज्या अंतर्गत नावाने ओळखतं त्याची) आणि सहीच्या किल्लीची होते. तेच पॅकेज-नाव प्ले स्टोअरवर डेव्हलपरच्या सहीने आणि एफ-ड्रॉइडवर एफ-ड्रॉइडच्या सहीने असतं. मग नोंदवायचं कुणी? एफ-ड्रॉइड दुसऱ्यांच्या ॲप्सचा ताबा स्वतःच्या नावावर घेऊ शकत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की नियम असाच लागू झाला तर प्रकल्प आजच्या रूपात टिकणार नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये गूगल काहीसं मागे आलं: धोका समजून घेऊन, जास्त पायऱ्या ओलांडून अनोंदणीकृत ॲप बसवायचा वेगळा मार्ग जाणकारांसाठी ठेवू, असं सांगितलं. संगणकाला जोडून एडीबी या डेव्हलपरांच्या साधनाने ॲप बसवायची वाटही उघडी राहणार आहे. त्या वेगळ्या मार्गाने एफ-ड्रॉइडला न विचारता अपडेट करू दिले तरच त्याला अर्थ आहे. दर अपडेटला तोच सोपस्कार करावा लागला तर लोक अपडेट करणं सोडतील आणि सुरक्षा उलट कमी होईल.

भारतात हा विषय नवा नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हाच्या निर्देशांत साइडलोडिंगवर, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवण्यावर, निर्बंध घालू नयेत हाही एक होता. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण तो निर्देश काढून टाकला. 2027 च्या आधी तो प्रश्न पुन्हा उपस्थित व्हायला हवा.

एफ-ड्रॉइड कुणासाठी? ज्याला ॲपच्या पानावरची परवानग्यांची यादी वाचायला दोन मिनिटं काढता येतात, त्या प्रत्येकासाठी. आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या फोनवर मात्र नको. तिथे 'इन्स्टॉल अननोन ॲप्स'मधल्या सगळ्या परवानग्या बंद, सॅमसंग असेल तर ऑटो ब्लॉकर चालू, अँड्रॉइड 16 असेल तर ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन (बाहेरची ॲप्स रोखणारी कडक सुरक्षा) चालू. आणि नवनवी ॲप्स करून पाहायची हौस असेल तर त्यासाठी सिम नसलेला, बँकेचं ॲप नसलेला जुना फोन ठेवा. चार-पाच वर्षं जुना, अँड्रॉइड 12 चालणारा कोणताही चालेल.